अकरावी उबदार जागा

दि. ४ जानेवारी, रविवार. सकाळी सव्वानऊ. स्थळ: सोलापूर, आमचं घर, आईंची खोली.

हजर: आई (म्हणजे माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर), श्रीकांत (त्यांचा थोरला मुलगा आणि माझे यजमान), मी, आणि एक पाल.

गैरहजर: पालीची शेपटी. ती गुरुवारीच गेली होती. त्याला जबाबदार मी.

त्या सकाळी काय झालं हे सांगण्याआधी डिसेंबरपासून सुरुवात करावी लागेल, कारण माझ्या वहीत ती तिथूनच आहे.

आमच्या आई अक्कलकोटकडच्या. शेतावर वाढलेल्या. विंचू चिमट्यात धरून बाहेर टाकणाऱ्या. एकदा बांधावर साप आडवा आला तर त्याला “आधी तू जा बाबा” म्हणून वाट देणाऱ्या. जगात त्या फक्त एका गोष्टीला भितात, ती म्हणजे पाल. आणि त्या साध्या भीत नाहीत. पाल दिसली की त्या आधी कानडीत ओरडतात, मग मराठीत ओरडतात, आणि मग खोलीबाहेर जाऊन आम्ही कसे निष्काळजी आहोत ते दोन्ही भाषांत सांगतात.

डिसेंबरच्या मध्यावर आई शेंगाची चटणी कुटायला बसल्या होत्या. समोर उखळ, शेजारी सुपात भाजलेल्या शेंगा. वरून छतावरची पाल सुटली ती थेट सुपात. थप्प!

“अय्यो देवरेऽऽ!”

सूप उडालं. शेंगा उडाल्या. आई उडाल्या. (डॉक्टरांनी त्यांना गुडघ्यांमुळे पाटावर बसायलासुद्धा मनाई केलेली आहे.) पाल मात्र शांतपणे उखळावरून चालत फ्रिजमागे निघून गेली.

संध्याकाळी आईंनी निर्णय जाहीर केला. “संक्रांत झाली की मी पुण्याला जाणार. बसवराजकडं.”

बसवराज म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. त्यांनी फोनवर लगेच सांगितलं, “ये की आई! इथं पाल येतच नाही!”

(चौदाव्या मजल्यावर पालच काय, शेजारीणसुद्धा येत नाही. दीर-जाऊ सकाळी आठला बाहेर पडतात ते रात्री येतात. मागच्या वेळी आई तिथं तीन महिने राहून परत आल्या, तेव्हा स्टेशनवरून घरी येईपर्यंत रिक्षावाल्याशी इतकं बोलल्या, की तो बिचारा घरात येऊन चहा पिऊन, उरलेलं ऐकून मग गेला. तीन महिन्यांचं साठलेलं होतं सगळं.)

आईंना जायचं नव्हतं. मला त्यांना पाठवायचं नव्हतं. खरं सांगायचं तर लेक शिकायला बाहेर गेल्यापासून, मी ऑफिसातून घरी आल्यावर “आज काय झालं गं?” असं विचारणारं घरात तेच एक माणूस आहे. (श्रीकांत “आज काय केलंय?” असं विचारतात. तो प्रश्न स्वयंपाकाबद्दल असतो.)

म्हणून मी शब्द दिला. “आई, मला संक्रांतीपर्यंत मुदत द्या. तोवर घरात पाल दिसली, तर मी माझ्या हातांनी तुमची बॅग भरून देते.”

“शब्द?”

“शब्द.”

श्रीकांत पेपरामागून म्हणाले, “कशाला शब्द द्यायलीस? पालीला विचारलंयस का?”

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. परीक्षेचे अर्ज, हजेरीपट, दाखले, सगळं माझ्या टेबलावरून जातं आणि वेळेत जातं. साडेतीन इंचांचा एक प्राणी मला जड जाईल, असं वाटायचं काही कारणच नव्हतं. मी नवीन दोनशेपानी वही काढली आणि पहिल्या पानावर ‘पाल’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पहिला उपाय मोरपीस. सगळेच सांगतात, मोरपिसाला पाल भिते. मी दोन मोरपिसं ट्यूबलाइटशेजारी लावली. संध्याकाळी साडेसातला पाल ट्यूबलाइटमागून बाहेर आली, मोरपिसावर बसली आणि तिथून तिनं तीन किडे खाल्ले. आधी तिला पट्टीवरून वाकावं लागायचं. मी तिला बाल्कनी करून दिली होती.

दुसरा उपाय अंड्यांची टरफलं. आता आमचं घर लिंगायत. आमच्याकडे अंड्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेतात. टरफलं आणायची कुठून? आमचे वीस वर्षांपासूनचे इलेक्ट्रिशियन शब्बीरभाई यांना मी फोन करून अगदी कुजबुजत विनंती केली. ते दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन हजर! मी टरफलं दोऱ्यात ओवून फ्रिजच्या मागं टांगली.

आईंची नजर तीक्ष्ण. “वैशाली, हे काय टांगलंयस?”

“टरफलं.”

“कशाची?”

इथं माझी गडबड झाली. “खडूची,” मी म्हणाले.

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं टरफलं काढली आणि स्वयंपाकघर दोनदा धुतलं. त्या दिवशी आईंनी आंघोळसुद्धा दोनदा केली. “पाल परवडली,” असं त्या म्हणाल्याचं श्रीकांत सांगतात, पण मी ते ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

वहीत दुसऱ्या उपायापुढे ‘रद्द’ लिहिलं, त्याच आठवड्यात फ्रिजचा स्टेबिलायझर गुरगुरायला लागला. पुन्हा शब्बीरभाई. त्यांनी स्टेबिलायझरचं झाकण काढलं आणि हसायलाच लागले.

“भाभी, ये देखो!”

आत, तारांच्या कोपऱ्यात, वाटाण्याएवढी दोन पांढरी टरफलं.

“आपने उसके वास्ते अंडे के छिलके लगाए, उने आपके वास्ते हिताच अंडे दी!”

“पण ही मेली इथं करते काय? एवढी जागा सोडून?”

“गरम रैता ना भाभी. थंडी में सब मशीनां में घुसते. इन्वर्टर बोलो, मोटर का डब्बा बोलो, मैं जो खोलूं उसमें बैठी रैती. उनकू स्वेटर नै ना!”

शब्बीरभाई गेले, पण त्यांचं ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. पालीला थंडी वाजते? मग सरड्यासारखी ती उन्हात का बसत नाही? दिवसभर अंधारात पडून असते, बाहेर पडते ती दिवे लागल्यावर, म्हणजे ऊन गेल्यावर. मग तिला ऊब येते कुठून?

मान्य करते, इथून माझं लक्ष कामावरून थोडं उडालं. पालीला घालवायचं बाजूला राहिलं आणि मी तिचा ताप मोजायला लागले.

ताप मोजायची बंदूक घरात होतीच. कोरोनाच्या काळात घेतलेली, कपाळासमोर धरली की आकडा दाखवणारी. पहिल्या संध्याकाळी मी स्टुलावर चढून ती पालीवर रोखली. बंदुकीनं ‘लो’ असं दाखवलं. म्हणजे पालीला ताप नाही, एवढं निश्चित झालं. मग माहितीपत्रक वाचून मी बटण बदललं. आता ती माणसांऐवजी वस्तूंचं तापमान दाखवू लागली. भिंत तेवीस, भिंतीवरची पाल तेवीस. स्टेबिलायझर तेहतीस, त्याच्या फटीतली पाल तेहतीस. आईंच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवरचं आमचं मोठं गोल घड्याळ, त्याच्या मागं दुपारी चार वाजता एकोणतीस, आणि तिथं पाल असली तर तीही एकोणतीस!

“अहो,” मी ओरडले, “हिला स्वतःचं तापमानच नाही! जिथं बसेल तिथलं घेते!”

“बरं,” श्रीकांत म्हणाले. “आणि तू स्टुलावरनं उतरतीस का? मागच्या खिडकीतनं लोक बघायलेत.”

चार दिवसांत आठ पानं भरली. त्यातून आणखी एक गंभीर गोष्ट उघड झाली. घरात एक नाही, दोन पाली होत्या! दिवसा फटीत दिसायची ती काळपट, करड्या पट्ट्यांची. संध्याकाळी ट्यूबलाइटजवळ यायची ती फिकट, जवळजवळ गोरी. मी वहीत ‘दिवसपाळी’ आणि ‘रात्रपाळी’ असे दोन रकाने आखले आणि कर्तव्य म्हणून आईंना तसं कळवलं.

आई पलंगावरून म्हणाल्या, “दोन? तू एक घालवणार होतीस की! दुसरी कुठनं आणलीस?”

आणि कपाटावरची बॅग काढून ठेव म्हणाल्या. नुसती काढून ठेव, म्हणाल्या. बघायला.

बॅग खाली आल्यावर मात्र माझे धाबे दणाणले. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या शिंदे मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा लावून आठही पानं वाचली. चेहऱ्यावरून काही कळेना.

“अहो मॅडम, ही एकच पाल आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “दिवसा गडद होते, रात्री फिकट. रंग बदलते ती.”

“सरड्यासारखी?”

“तेवढी नाही. पण बदलते. आणि दुसरं, या बंदुकीनं तुम्ही पाल मोजलेलीच नाही. एवढ्याशा प्राण्यावर तिचा नेम बसत नाही. तुम्ही मोजलीत ती भिंत.”

माझी आठ पानं! “मग पालीचं खरं तापमान किती?”

“तेवढंच. जवळजवळ भिंतीएवढंच.”

“म्हणजे माझं बरोबर आहे?”

“तुम्ही चुकीच्या पद्धतीनं बरोबर आहात,” शिंदे मॅडम म्हणाल्या. त्यांच्या विद्यार्थ्यांना त्यांची भीती का वाटते, ते मला त्या दिवशी कळलं.

पण बाईंनी समजावलं फार छान. आपण जेवलेल्या अन्नातून आपली ऊब आतल्या आत तयार करतो. पालीला ते जमत नाही. तिला ती बाहेरून घ्यावी लागते. सरडा सरळ उन्हात जाऊन बसतो, पण पाल रात्री हिंडणारी. मग ती काय करते? दिवसभर तापलेली भिंत, पत्रा, यंत्र अशा एखाद्या वस्तूला फटीत पोट चिकटवून पडून राहते. आपल्याला वाटतं झोपलीय. ती तिथंही काम करत असते. फार तापलं की थोडी आत सरकते, गार वाटलं की पुन्हा बाहेरच्या अंगाला. एवढ्याशा फटीत तिला तिचा उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सापडतात. खाल्लेले किडे पचवायलासुद्धा तिला ऊब लागते. आणि ऊब कमी पडली की ती मंदावते.

“म्हणून हल्ली ती सरकतच नाही!” मी म्हणाले. “उन्हाळ्यात नुसती वीज असते.”

“तीच पाल. फक्त गार.”

मी ऐकतच राहिले. बावीस वर्षं मी या इमारतीत दाखले देतेय आणि दोन खोल्या पलीकडे रोज हे शिकवलं जातंय! मग मी कामाचा प्रश्न विचारला. “मॅडम, घरातल्या सगळ्या उबदार जागाच बंद केल्या तर? जाईल ती?”

“जाईल की,” मॅडम म्हणाल्या. “कुठंतरी जाईल.”

मी वहीत लिहिलं: ‘जाईल.’

‘कुठंतरी’ मला महत्त्वाचं वाटलं नाही.

घरी येऊन मी बंदूक घेऊन तिन्ही खोल्या फिरले आणि उबदार जागांची यादी केली. फ्रिजची पाठ, स्टेबिलायझर, इन्वर्टर, त्याची बॅटरी, इंटरनेटचा डबा, टीव्हीची पाठ, त्याखालचा केबलचा डबा, ट्यूबलाइटची पट्टी, देवघरातल्या समईमागची भिंत, आणि पश्चिमेचं घड्याळ. एकूण दहा. एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी काम सुरू झालं. फ्रिज भिंतीपासून दोन फूट पुढं ओढला. (तो आता स्वयंपाकघराच्या मधोमध उभा होता आणि भाजी फोडणीला टाकायला त्याला वळसा घालून जावं लागायचं.) स्टेबिलायझर आणि इन्वर्टरला मच्छरदाणीच्या जाळीचे झगे शिवले. केबलचा आणि इंटरनेटचा डबा काम नसताना बंद. ट्यूबलाइट बंद, त्याऐवजी आईंच्या खोलीतला छोटा दिवा. समई ताटात, भिंतीपासून लांब. आणि घड्याळ उतरवून कपाटात.

श्रीकांत अंधारात, बंद टीव्हीसमोर बसले होते. “किती वाजले गं?”

“घड्याळ काढलंय.”

“ते दिसतंय. नवीन वर्ष सुरू झालं की सांग.”

नवीन वर्षाच्या पहिल्याच सकाळी, गुरुवारी, पाल मला दिसली. घड्याळाच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून भिंतीवर बसली होती. गार पडलेली. हलतच नव्हती. मी झाडू घेतला. मला तिला मारायचं नव्हतं, नुसतं दाराकडे वळवायचं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण झाडूचा फटका जरा जोरात बसला. पाल कशीबशी सरपटत कपाटामागं गेली आणि शेपटी खाली फरशीवर राहिली. नुसती राहिली नाही, वळवळत राहिली!

आई नेमक्या तेव्हाच दारात. पुढचं लिहीत नाही. सगळं कानडीत होतं.

शेपटी मी सुपलीत घेऊन बाहेर टाकली. नंतर मनाला लागून राहिलं. शिंदे मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, पुन्हा येते शेपटी, पण वेळ लागतो, आणि थंडीत ताकद कमी असते. मी वहीत ‘शेपटी’ असं लिहिलं आणि पुढचा रकाना मोकळा ठेवला. काय लिहायचं ते सुचलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाल नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी सकाळ-संध्याकाळ मी दहाच्या दहा जागा बंदुकीनं आणि डोळ्यांनी तपासल्या. नाही! दहाही नोंदींपुढे बरोबरच्या खुणा झाल्या आणि मी आईंच्या पलंगाशी जाऊन, परीक्षेचा निकाल जाहीर करतात तशा आवाजात म्हणाले, “आई, घर पालमुक्त.”

“नक्की?”

“लेखी देते.”

आईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, त्यासाठी मी फ्रिज दोन फूट काय, गच्चीवर नेऊन ठेवला असता. त्यांनी तेव्हाच पुण्याला फोन लावला. “बसू, मी काय येत नाही रे. हितं पाल गेलीया. संक्रांतीला तुम्हीच या की!” मग त्यांनी मला बॅग पुन्हा कपाटावर ठेवायला सांगितली. मी ठेवली.

आणि आता तो रविवार.

थंडीत आईंचे गुडघे धरतात. त्यासाठी रबरी पिशवीत गरम पाणी भरून त्या रात्री आणि सकाळी शेकतात. पिशवीला दोन कव्हरं आहेत. आतलं फ्लॅनेलचं, बाहेरचं आईंनी स्वतः विणलेलं लोकरीचं, जरा सैल. रात्रभर पिशवी त्यांच्या पायांशी दुलईत असते. सकाळी नऊ वाजता ती पुन्हा गरम पाण्यानं भरून देणं, हे माझं काम. माझ्या रोजच्या कामांच्या यादीत आहे.

त्या सकाळी मी पिशवी उचलली. अजून कोमट होती. आतलं पाणी ओतून टाकलं, गरम भरलं, बूच घट्ट केलं, वरून दोनदा थोपटलं आणि आईंच्या गुडघ्यावर नीट ठेवली. श्रीकांत शेजारी खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

“हं,” आई डोळे मिटून म्हणाल्या. “बरं वाटायलंय.”

अर्ध्या मिनिटानं त्या म्हणाल्या, “वैशाली, पाणी उकळायलंय काय गं आत? काहीतरी हलायलंय.”

“बुडबुडे असतील.”

मग लोकरीच्या कव्हरच्या तोंडातून एक डोकं बाहेर आलं. त्याला दोन काळे डोळे होते. ते माझ्याकडे बघत होते.

थंडीतली पाल कशी असते, हे मी चार दिवस वहीत लिहीत होते: मंद, जड, जेमतेम सरकणारी. पण या पालीला मी नुकतंच गरम पाण्यानं शेकून काढलं होतं! जानेवारीतल्या पालीत मी मे महिना भरला होता. ती कव्हरातून सुटली ती आईंच्या गुडघ्यावरून, मांडीवरून, पदरावरून, श्रीकांतच्या पेपरातल्या राशिभविष्यावरून, आणि तिथून भिंतीवर!

“अय्यो यव्वाऽऽऽ!”

“आई, हलू नका!”

“मी कुठं हलायलेय, ती हलायलीया!”

श्रीकांतनी पेपराची गुंडाळी केली, ती माझ्या कपाळावर बसली. मी स्टुलाला अडखळले. ताप मोजायची बंदूक पलंगाखाली गेली आणि तिथं स्वतःच टूं टूं वाजायला लागली. आई पलंगाच्या उशाकडे भिंतीला चिकटून बसल्या, पिशवी छातीशी धरून, आणि ओरडल्या, “पंचांग आण! श्रीकांत, पंचांग!”

पंचांगात पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचं अख्खं कोष्टक असतं. श्रीकांतनी ते काढलं.

“पडली का चढली?” त्यांनी विचारलं. “दोन्हीचं वेगळं दिलंय.”

“पडली न्हाई,” आई म्हणाल्या.

“मग चढली?”

“चढली पण न्हाई. आतनं निघाली!”

श्रीकांतनी दोन पानं पुढं-मागं केली. “निघाल्याचं दिलेलं नाही.”

आईंनी माझ्याकडे बघितलं. मला ठाऊक होतं पुढं काय येणार. शब्द माझा होता, लेखी द्यायलासुद्धा मीच निघाले होते.

“बॅग काढ,” आई म्हणाल्या.

मी हळूच स्टूल घेऊन कपाटाकडे निघाले.

“थांब. त्याआधी ती तुझी वही आण.”

वही आणली. आईंनी चष्मा लावला आणि उबदार जागांची यादी बोट ठेवून वाचली. फ्रिज. स्टेबिलायझर. इन्वर्टर. प्रत्येक नाव मोठ्यानं. समईपाशी जरा थांबल्या. दहापर्यंत आल्या. मग त्यांनी पिशवी उचलून माझ्यासमोर धरली.

“आणि ही?”

वहीत अकरावी ओळ कोरी होती.

“घरात अकरा जागा गरम. दहा तू बंद केल्यास. अकरावी माझी.” त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. “म्हणजे ती माझ्या पांघरुणात आली न्हाई. तू तिला हाकलत हाकलत माझ्या पांघरुणात आणून सोडलंयस.”

“आई, तिला ऊब लागते ना,” मी पुटपुटले. “तिची स्वतःची नसते. फटीत मिळेल तेवढीच.”

“म्हणजे तिलाबी थंडी वाजती?”

“हो.”

आईंनी पहिल्यांदाच पालीकडे नीट पाहिलं. पाल पश्चिमेच्या भिंतीवर गेली होती. घड्याळ काढल्यावर तिथं रंगाचा एक गोल, स्वच्छ चट्टा राहिला होता. पाल त्या गोलाच्या कडेनं एक फेरी मारून बरोबर मधोमध जाऊन बसली. शेपटी नाही. पोट खालीवर होत होतं. हळूहळू पुन्हा गार पडत होती.

“तिचं घर शोधायलीया,” आई म्हणाल्या. आवाज एकदम उतरला होता. “एवढ्या थंडीत कुणी घरातनं काढतं व्हय? शेपटी पण तोडून ठेवलीया बिचारीची.”

बिचारी! मी श्रीकांतकडे बघितलं. ते पंचांगामागं गेले होते.

“आई, मग बॅग?”

“आता बॅग कशाला? मी गेले तर हिच्यावर लक्ष कोण ठेवणार?”

“पालीवर?”

“तुझ्यावर!”

दुपारी घड्याळ पुन्हा जागेवर लागलं. आईंनी पुण्याला फोन करून सांगितलं, हितलं सून-पालीचं प्रकरण मिटल्याशिवाय मला यायला जमणार न्हाई. त्यांची भीती काही गेलेली नाही. पाल दिसली की अजूनही आधी कानडीत ओरडतात. पण ओरडून झालं की काठी तिच्याकडे रोखून म्हणतात, “तू तिथं, मी हितं.” आणि संध्याकाळी मी घरी आले, की “आज काय झालं गं?” विचारायच्या आधी “आली का ती जेवायला?” असं ट्यूबलाइटकडे बघून विचारतात. (आता तिची विचारपूस आधी होते आणि माझी नंतर.) पिशवीचं लोकरीचं कव्हर उसवून त्यांनी घट्ट विणलंय, आणि सकाळी नऊचं काम माझ्याकडून काढून घेऊन श्रीकांतना दिलंय.

वहीतली सगळी कामं संपली. फ्रिज मागं सरकला, जाळ्यांचे झगे निघाले, टीव्ही सुरू झाला. शिंदे मॅडमनी ती आठ पानं त्यांच्या वर्गात वाचून दाखवायला मागून नेली आहेत. ‘निरीक्षणातल्या चुका’ या धड्यासाठी.

एकच काम राहिलंय. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात घड्याळ बंद पडलं. मी नवीन सेल आणला आणि स्टूल लावलं, तोच पलंगावरून आवाज आला, “हात लावू नको! ती आत हाय. शेपटी येऊ दे, मग बघू.”

शेपटी सध्या करंगळीच्या नखाएवढी आली आहे. घड्याळात तेव्हापासून नऊला वीस कमी आहेत. परवा घाईत मी त्यावर एक नजर टाकली, निवांत दुसरा चहा घेतला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ऑफिसला पंचेचाळीस मिनिटं उशिरा पोहोचले. आमच्याकडे उशिरा येणाऱ्यांकडून लेखी कारण घ्यायचं काम कार्यालय अधीक्षकांचं आहे. मी माझ्यासमोर फॉर्म ठेवला, स्वतःला कारण विचारलं, आणि आलेलं उत्तर मलाच पटलं नाही.

काम क्र. ३७: घड्याळाचा सेल बदलणे. बाकी.